मोडनिंबच्या माळावरचा हॅन्डिकॅप

अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात गोल्फचा हॅन्डिकॅप काढण्यासाठी जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो आमच्या नशिबी साडू म्हणून आला. थोरले साडू नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पुण्याला होते. तिथे साहेबांच्या मागेमागे फिरताना त्यांना हा खेळ जडला आणि निवृत्तीनंतर तो घेऊनच ते परतले. इथे मैदान कुठलं? मोडनिंबला भावाच्या पडीक माळावर त्यांनी नऊ खड्डे खणले, झेंडे रोवले आणि दर रविवारी बाभळीत चेंडू शोधू लागले. शेरडं राखणारी एक बाई कळवळून म्हणाली, "दादा, येकच चेंडू हाय का तुमच्याकडं? दर खेपेला त्योच हुडकताय की!"

खेळापेक्षा त्यांचा जीव हॅन्डिकॅपच्या हिशेबात. लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी सापडलं की संपलंच. "सोपं आहे हो! शेवटच्या वीस डावांतले कमी फटक्यांचे, चांगले आठ घ्यायचे. कसलेल्या खेळाडूला लागतील तेवढे फटके वजा करायचे, मैदानाचा अवघडपणा धरायचा, सरासरी काढायची. साधारण तेवढे फटके तुम्हाला माफ, तोच हॅन्डिकॅप. कच्चा आणि पक्का बरोबरीने खेळतात!" आमच्या सासूबाईंनी विचारलं, "आणि ते वाईट बारा?" "ते सोडून द्यायचे." "मग बरा आहे की खेळ," म्हणत त्यांनी जिलेबी वाढून घेतली.

पण पुण्याच्या जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, की मैदानाला अधिकृत मानांकन नसेल तर हॅन्डिकॅप निघतच नाही. साडूंचं जेवणावरचं मनच उडालं. शेवटी त्यांनी माळाचा अवघडपणा स्वतःच ठरवला आणि प्रामाणिकपणे शेरडांचा त्रास त्यात धरला नाही.

हा हॅन्डिकॅपचा सारा खटाटोप मुलासाठी होता. तो कॅनडात असतो, उत्तम खेळतो. थोरली मेव्हणी गेल्यापासून बापलेकांचं बोलणं 'जेवलात का'च्या पुढे सरकत नसे. गोल्फ निघाला, की मात्र तासभर. "बाबा, मी आलो की एक डाव खेळू. तुमचा हॅन्डिकॅप काढून ठेवा." इकडे साडूंचा खांदा धरला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आकडा चढत चढत चोपन्नला टेकला. "याच्या वर माफी नाही हो," ते मला म्हणाले. "आता कितीही वाईट खेळलो तरी ते माझं मलाच."

गेल्या हिवाळ्यात मुलगा आला. मीही माळावर गेलो होतो. डाव संपायच्या आतच साडूंची सगळी माफी संपली. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, अजून थोडे फटके माफ धरा. इथं कोण बघतंय?"

"नियमात बसत नाही."

एकेक फटका मारताना त्यांचं तोंड वेडंवाकडं होत होतं, तरी शेवटचा खड्डा गाठूनच ते थांबले. सपशेल हरले. परतताना गाडी मी चालवत होतो, ते दोघं मागे. मुलाने विचारलं, "खांदा कधीपासून दुखतोय? सांगितलं का नाही?"

"फोनवर काय सांगायचं रे," साडू म्हणाले. मग सोलापूर येईपर्यंत टेंभुर्णीकडून येणारे ट्रक मागे पडत गेले. आरशात दिसलं, मुलगा त्यांचा खांदा चोळत होता.

तो परत गेला. पुढच्या रविवारी मी डोकावलो, तर साडू घरीच. मुलाने सांगितलं होतं तसा खांद्याला शेक घेत, फोन मांडीवर ठेवून बसले होते.