आयरिनचा गुच्छ

नंदाखाल गावातल्या रेजिना मावशीच्या हातून लग्नाचा गुच्छ सुखासुखी मिळत नसे. १९८०च्या आसपास आमच्या भागातल्या निम्म्या नवऱ्या तिनंच बांधलेला गुच्छ घेऊन देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेल्या, पण आधी तिची शिकवणी. नवरीला ओट्यावर बसवून ती एकेका फुलावर बोट ठेवायची. "लिली म्हणजे निर्मळ मन. गुलाब म्हणजे प्रेम. काटे मी काढलेत, पुढचे तू काढायचे. निशिगंध म्हणजे कुणी बघत नसतानाही चांगलं वागणं." यातले निम्मे अर्थ तिच्या मनचे असावेत. विचारायची कुणाची टाप नव्हती.

मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाल्यावर नवरीनं तो गुच्छ मरियामातेच्या पायाशी ठेवायचा, ही रीत. "तिथं पोचला की गुच्छ पुरा झाला," असं मावशी म्हणे.

तिची एकुलती मुलगी आयरिन माझी मैत्रीण. तिनं उमेळ्याच्या एका हिंदू मुलाशी कचेरीत लग्न करायचं ठरवलं आणि मायलेकींचं बोलणं बंद झालं. आयरिन आमच्याकडे राहायला आली. तिला साडी नको होती, सोनं नको होतं. आईच्या हातचा गुच्छ तेवढा हवा होता. तो मागायला मी गेले.

"गुच्छ मरियामातेकडे जातो," मावशी म्हणाली. "हिचा कुठं जायचा? साहेबाच्या टेबलावर?"

लग्नाच्या सकाळी मी पुन्हा गेले. मावशी ओट्यावर गुच्छ बांधत होती. लिली, गुलाब, निशिगंध, सगळं होतं. मला इतका आनंद झाला की मी हातच पुढे केला.

"हा आयरिनचाच आहे," ती म्हणाली, "पण तुझ्याकडे द्यायचा नाही." आणि पदर सावरून तिनं देवळाची वाट धरली. मला तिचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. कचेरीत आयरिननं रिकाम्या हातांनी सही केली. साक्षीदार म्हणून मी शेजारीच होते.

महिन्याभरानं आयरिन आईला भेटायला निघाली, मलाही सोबत घेऊन. मावशी दारातच उभी राहिली.

"आई, माझ्या लग्नाला यायचं होतंस गं," आयरिन म्हणाली.

मावशीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "मी गेले होते, बाय, तुझ्या लग्नाला. मिस्साभर गुच्छ धरून बसले, मग मरियामातेच्या पायाशी ठेवला. तूच आली नाहीस."

आयरिन उंबऱ्यावरूनच मागे फिरली. त्यानंतर ती त्या घरात आली, ती मावशीच्या मातीलाच.