पोटासाठी डोक्याचा फोटो

गुढियारीच्या बाजारात माझ्या गोदामाशेजारी कुणी पत्रा ठोकू लागलं, की मला मेंदूचे फोटो काढणारं ते ठणठणणारं यंत्र आठवतं. बायकोची आतडी वर्षानुवर्षं सुजलेली, माझा थोरला भाऊ म्हणायचा, "नाटक करून राहिली." नवं इंजेक्शन लागू पडलं नाही तर आतडं कापावं लागणार होतं, आणि ते लागू पडेल का, याचा अंदाज डॉक्टरीणबाई या फोटोंवरून बांधत होत्या. "पोट दुखते, अन् डोकं काहून पाहता? पक्कं सांगा, नाहीतर चाललो," म्हणत मी बाजारातल्या सवयीने उठून दारापर्यंत गेलो. बाजारात असं उठलं, की मागून हाक येतेच. इथे आली नाही. "पक्कं नाही सांगता येत, भैया. पण हे पाहा, पोट दाबलं तेव्हाचं. जितकं जास्त पेटलेलं, तितकी आशा जास्त." वळलो, तर काळ्या पडद्यावर तिचा मेंदू जागोजाग निखाऱ्यासारखा फुललेला. इतक्या वर्षांत तिचं दुखणं मी पहिल्यांदा पाहत होतो. "दिसून राहिलं ना? भाऊजींनाही दाखवा," बायको म्हणाली. मी परत येऊन खुर्चीत बसलो. इंजेक्शन लागू पडलं. भावाशी मी अजून बोलत नाही. पण बायको दुपारी जरा आडवी झाली, की तिच्या कपाळाकडे बघत बसतो.