उन्हाळ्यात पंचायत बसत नाही

बोरखेड्याच्या चुडामण नानांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि माणसाला एखादी गोष्ट फार पक्की ठाऊक असली की आजूबाजूच्यांनी जरा जपूनच राहावं. नानांची गोष्ट अशी, की मुळात माणूस वाईट नसतो. हवा त्याला वाईट करते.

नाना भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन होते. तीस वर्षं रूळ बदलले आणि मिळालेल्या पासावर हिंदुस्थान पाहून घेतला. दुसरी माणसं पासावर काशीला जातात, तिरुपतीला जातात. नाना माणसांचे स्वभाव बघायला जायचे. सिमल्याला त्यांच्या पत्नी पुष्पाबाई शाल गुंडाळून चहाच्या टपरीशी कुडकुडत बसल्या, आणि नाना दोन हमालांचं भांडण बघत उभे. भांडण चार वाक्यांत मिटलं. "पाह्यलं का?" नाना म्हणाले. "तोंड उघडलं की थंडी आत जाते. मानूस भांडनार कसा?" पुष्पाबाई म्हणाल्या, "मग तुमी बी उघडू नका."

रिटायर होऊन गावी आले ते एक जुनं भूगोलाचं पुस्तक आणि भुसावळच्या बाजारातून घेतलेलं थर्मामीटर घेऊन. थर्मामीटर अंगणातल्या निंबाला टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून समजवायचे, "आपन एकवीस अक्षांशावर. सूर्य बरोब्बर डोक्यावरून जातो आपल्या, तो बी ऐन मे महिन्यात. डोकं तापंल नाही तर काय व्हईल?" कोकणातला माणूस दमट, म्हणून त्याचा राग बुरशीसारखा वर्षानुवर्षं राहतो. पुण्याची हवा बेताची, म्हणून तिथला माणूस रागावला तरी व्याकरण सोडत नाही. धुळ्याकडे, सोनगीरच्या बाजूला, वारा फार, म्हणून तिकडचा माणूस आधी ओरडतो आणि मग कारण शोधतो. आणि आपला जळगावचा राग म्हणजे तुरीच्या काड्या. भडकला भडकला की राख. थोडं थांबायचं, बस.

लोक हसायचे. पण एका साली कौतिक आणि लोटन हे सख्खे भाऊ सामायिक विहिरीच्या पाण्यावरून कुऱ्हाडी घेऊन निघाले. वैशाख होता. नाना मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "मृग लागू द्या, मग काय कापायचं ते कापा. आता मी ऐकून बी घेनार नाही." दोघांच्या कुऱ्हाडी नानांनी आपल्या घरात ठेवून घेतल्या. आषाढात ते दोघे भाऊ एकाच तिफणीमागं दिसले. गावानं तोंडात बोटं घातली. तेव्हापासून कायदाच झाला: पारा चाळिसाच्या वर गेला की बोरखेड्यात पंचायत बसायची नाही. काय गाऱ्हाणं असेल ते मृगानंतर. निम्मी भांडणं तोवर आपोआप विरून जायची. आजूबाजूच्या पाच-सात गावांनी हाच कायदा उचलला. नानांना लोक लग्नाला न्यायला यायचे, वाटणीला न्यायला यायचे. खोटं कशाला बोला, माणूस चांगलाच होता. चांगल्या माणसाच्या हातून जे होतं त्याला शिव्या तरी कोणत्या द्यायच्या, हाच तर आपला घोळ आहे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात कुंदा आली.

कुंदा नानांच्या भावाची, सुपडूची मुलगी. सुपडू लवकर गेला. तिला नानांनीच वाढवली, नानांनीच जळगावला दिली. नवरा लीलाधर, दिसायला गोरागोमटा, बोलायला मऊ. दोन वर्षं झाली होती लग्नाला. भर दुपारी एस.टी.नं उतरून ती एकटीच चालत आली. डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढलेला. पुष्पाबाईंनी तो बाजूला केला आणि "अगं माय वं!" म्हणून तिला जवळ घेतलं. डोळा सुजून बंद झाला होता.

"नाना, मी आता नाही जात तथी," कुंदा म्हणाली. "तुमी पंच बसवा. चार लोकांत विचारा त्याले."

नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ते उठून निंबाकडे गेले आणि पारा बघून आले. आता काय म्हणावं या माणसाला!

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "बेटा, या दिवसांत देवमानूस बी देवमानूस राहत नाही. आता पंच बसवले तर तो तापलेला, आपन तापलेले. तुटून जाईल सारं. मृगापर्यंत दम धर."

"नाना, ते बर्फाच्या कारखान्यात कामाले आहेत," कुंदा म्हणाली. "दिवसभर बर्फात राहतात. घरी येतात तं हात गार लागतात त्यांचे."

दुसरा कोणी असता तर तिथंच गप्प झाला असता. पण नाना! त्यांच्याकडे याचंही उत्तर होतं. "मग तं आनखी वाईट. गारव्यातून एकदम उन्हात आलं की रक्त डोक्यात चढतं. मी रेल्वेत पाह्यलं आहे."

"हिवायात बी मारलं नाना. पौषात. मी सांगतलं नव्हतं."

"अहो, पोरीचं तोंड पाहा जरा!" पुष्पाबाई ओरडल्या. "मानसाचं डोकं काय डांबर आहे, उन्हानं वितळायले?"

नाना क्षणभर थांबले होते, हे खरं. पौष म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. पण तेवढ्यात दारावरून जाणारा लोटन वाकून म्हणाला, "नाना, घरच्यासाठी कायदा मोडनार का?" झालं. नानांची मान ताठ झाली. गावात वीस गाऱ्हाणी मृगाची वाट बघत होती. आपल्या पोरीसाठी पंच बसवले तर उद्या तोंड कोणाला दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी नाना स्वतः तिला घेऊन जळगावला निघाले. सोबत पिशवीभर पांढरे कांदे, वाळा आणि कैऱ्या. गाडीत तिला नीट समजावलं: रोज पन्हं द्यायचं, माठात वाळा टाकायचा, आणि निजताना एक कांदा फोडून त्याच्या उशाखाली ठेवायचा, डोक्यातली उष्णता ओढून घेतो. कुंदा सगळं ऐकत होती. तिला वाढवणाऱ्या माणसानं आगीतून काढून तिला फुफाट्यातही नाही, परत आगीतच नेऊन घातलं, आणि वर कांदा दिला हाताशी.

लीलाधर दारातच वाकून पाया पडला. "नाना, तुमी कशाले तरास घेतला?" असा गोड बोलला की नानांना वाटलं, बघा, मूळ माणूस चांगलाच आहे. मे महिना तेवढा काढायचा.

बारा दिवसांनी भर दुपारी एक ऑटोरिक्षा धूळ उडवत बोरखेड्यात शिरली. दुपारी बारा ते चार आमच्याकडे कुत्रं रस्त्यावर नसतं, त्यामुळं आवाजानं सगळी दारं उघडली. रिक्षावाला हनीफ, कुंदाचा शेजारी. तो नानांना म्हणाला, "चाचा, चला. पोरगी दवाखान्यात आहे." आणि वाटेत तो एक अक्षर बोलला नाही.

बोलली ती हनीफची बायको मेहरुन. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं नानांना गाठलं, आणि वयाचा वगैरे काही मुलाहिजा ठेवला नाही. "कांदा तुम्ही दिला होता ना?"

"हो. उष्णतेसाठी."

"रोज रात्री ठेवायची बिचारी. त्या रात्री त्याच्या हाताला लागला. म्हणाला, हे काय? हिनं सांगितलं, नानांनी दिलाय, तुमच्या डोक्यातली गरमी उतरायला. म्हणजे तू माहेरी सांगून आलीस, म्हणाला. गावभर माझं नाव केलंस. बर्फाची लादी ओढायचा आकडा असतो ना लोखंडी, तो घरात होता." मेहरुननं पदरानं तोंड पुसलं. "मनगट मोडलं. आणि डावा कान गेला. डॉक्टर म्हणतात, येणार नाही परत. पोलिसानं विचारलं तर म्हणे जिन्यावरून पडले. मी म्हटलं, अगं खरं सांग की. तर म्हणते, नानांनी मृगापर्यंत थांबायला सांगितलंय."

सत्तरीला आलेला माणूस व्हरांड्यात लहान पोरासारखा रडला. खूप लोक बघत होते, पण त्यांना कशाचीच शुद्ध नव्हती.

कुंदाला घेऊन ते गावी आले आणि त्याच संध्याकाळी पंचांच्या घरोघर गेले. उद्याच बैठक घ्या, लीलाधरला बोलवा, नाही आला तर पोलिसात जाऊ. पंचांनी पाट दिला, पाणी दिलं, हळहळ केली. आता पंच झालेला कौतिक म्हणाला, "नाना, तुमचं मन आता ठिकानावर नाही. तुमीच तं शिकवलं आमाले. तापल्या डोक्यानं न्याय करू नये."

"मी चुकलो, कौतिक."

"उन्हामुळं वाटून राह्यलं तसं," कौतिक मायेनं म्हणाला. "पन्हं घ्या नाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पारावर जाऊन बसले. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन पारावर चढलं. एकही पंच आला नाही. लोक घरातून बघत होते आणि चुकचुकत होते. त्यांच्या मते कायदा मोडायला बसलेल्या नानांना कायद्यापासून वाचवणं हेच त्यांच्यावरचं प्रेम होतं. एक वाजता पुष्पाबाई छत्री घेऊन आल्या आणि त्यांना उठवून घरी घेऊन गेल्या. पोलिसात जायचं तर कुंदानं जबाब बदलायला हवा होता. पण आता ती मान हलवायची, "राहू द्या." तिचा कशावरच भरवसा उरला नव्हता.

बैठक बसली ती श्रावणात. हवा छान होती, केळीची पानं धुवून निघालेली. लीलाधर वडीलधारे घेऊन आला. कुंदासाठी लुगडं आणलं होतं. त्यानं पंचांपुढं डोकं टेकलं आणि म्हणाला, "चूक झाली. उन्हाचा तडाखा व्हता, डोकं फिरलं. नानांनी तं तेव्हाच वळखलं व्हतं. आता पाहा, मी शांत आहे का नाही?"

पंचांनी माना डोलावल्या. खरंच शांत होता. नानांची बुद्धी किती अचूक, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. नाना उठून उभे राहिले. म्हणाले, "मी दहा वर्षं तुमाले खोटं सांगतलं. त्यानं पौषात बी मारलं व्हतं. मले मालूम व्हतं." त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. "पोरीची माया आहे," कौतिक म्हणाला, आणि दोघांनी त्यांना समजुतीनं धरून खाली बसवलं.

मग प्रघाताप्रमाणं मुलीला विचारायचं होतं. पंच तिच्या डाव्या बाजूला होते. त्यांनी विचारलं, कुंदाला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. ती इकडंतिकडं बघायला लागली. शेवटी नानांनाच तिच्या उजव्या बाजूला वाकून बसावं लागलं आणि तो प्रश्न आपल्या तोंडानं विचारावा लागला. "बेटा, ते विचारून राह्यले, जाशील का?"

कुंदा उभी राहिली. ती लीलाधरकडे बघत नव्हती, पंचांकडे बघत होती.

"मले एक सांगा. उन्हायात आमी बाया चुलीपुढं बसतो. भर वैशाखात, दोन-दोन येळा. तुमच्यापेक्षा जास्त तापतो. या गावात कोन्या बाईनं नवऱ्याचा कान फोडला? सांगा एकीचं नाव."

बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या तेवढ्या. लीलाधरच्या काकानं लुगडं उचललं आणि ती मंडळी चहा न घेता निघून गेली. पंचांनी निकाल काहीच दिला नाही, पण मुलीची जात इतकी तोंडाळ बरी नव्हे, असं घरी जाताना ठरवलं. कुंदा राहिली. ट्रकात केळी भरणाऱ्या बायांबरोबर कामाला जायला लागली.

थर्मामीटर नानांनी काढलं. त्यानं काय फरक पडायचा? दुसऱ्या वर्षी कौतिकनं आपल्या दारात नवं लावलं. गावानं नाना सोडले, त्यांचा कायदा नाही सोडला. चैत्रात खालच्या आळीची बेबाबाई फुटलेलं कपाळ घेऊन पंचांकडे गेली, तर तिलाही मृगानंतर ये म्हणाले. नाना पंचांशी भांडायला गेले. लोक म्हणाले, म्हातारा तापलाय.

कुंदाची माफी मात्र त्यांनी मागितली. बैठकीनंतर बऱ्याच महिन्यांनी. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती, नाना तिच्याजवळ जाऊन बसले आणि जे मनात साठलं होतं ते सगळं बोलले. तू सांगतलं होतं, मी ऐकलं नाही, मले माझा मान मोठा वाटला. बोलताना रडले. कुंदा निवडत राहिली. एक खडा काढून अंगणात टाकला.

ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बोलून झालं होतं. उजव्या बाजूला जाऊन तेच पुन्हा सांगायला पाच पावलं लागली असती. नाना उठले आणि घरात निघून गेले.