खिशावरचं आमचं बोधचिन्ह

मंडळी, आमच्या शाळेचं नाव आणि बोधचिन्ह चोरून कुणीतरी बनावट वेबसाइट चालवत होतं. आज सकाळी आमच्या तक्रारीचा निकाल लागला, तो वेब पत्ता आमच्या ताब्यात आला. ऑफिसात पेढे वाटले.

दुपारी पेठहून एक वडील मुलीला घेऊन आले. त्यांच्याही हातात पेढेच. पोरीचं ॲडमिशन झालं म्हणून! झालं होतं त्या बनावट वेबसाइटवर. आमचे वर्ग तर कधीच भरलेत.

"पण मॅडम, नाव तर हेच व्हतं ना?" ते पुन्हापुन्हा विचारत राहिले.

मुलीच्या नव्या गणवेशाच्या खिशावर आमचं बोधचिन्ह होतं, आईनं मोबाइलवर बघून हातानं भरलेलं. जाताना मुलीनं ते तळहातानं झाकलं.

'बोधचिन्हाचा गैरवापर थांबवा,' असं तक्रारीत मीच लिहिलं होतं. मग त्या आईनं आता ते उसवायचं का हो?