घोडीचं टिकीट

"उतरा, मास्तर."

चढ दिसला की आमच्या टांगेवाल्या मामांच्या तोंडून हे दोन शब्द निघायचे. विनंती नव्हे, हुकूम. टांगा थांबलेला असायचा, मामा आधीच खाली उतरून घोडीच्या तोंडाशी उभे असायचे आणि मागच्या माणसांकडे असे बघायचे, की आपण टांग्यात नव्हे तर थेट त्या जनावराच्या मानेवर बसलो आहोत असं वाटावं. मग आम्ही मुकाट्यानं उतरायचो. मेडशीहून मालेगावला जाताना चढ काही थोडे लागत नाहीत. भर उन्हात, हातात पिशव्या घेऊन, रिकाम्या टांग्यामागे पायी निघालेली आमची वरात पाहून शेतातली माणसं वखर थांबवून हसायची. पायीच जायचं होतं तर टांगा कशाला केला, हा प्रश्न मला दर वेळी पडायचा.

एकदा एका मोठ्या घरच्या बाई टांग्यात होत्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. त्या हटून बसल्या. "मी नाई उतरत. माहे गुडघे दुखतात."

मामा म्हणाले, "तुमचे दोन दुखतात, बाई. हिचे चार हायत."

बाई उतरल्या. पुढचा सगळा रस्ता त्यांनी मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मामांनी तो शांतपणे ऐकला.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याचं म्हणणं खोटं नसतं, म्हणूनच तो जास्त डोक्यात जातो.

त्या वर्षांत मी मेडशीच्या शाळेत मास्तर होतो आणि माझं नशीब असं, की माझी खोली आणि मामांचं घर यांच्यामध्ये फक्त एक मातीची भिंत. त्या भिंतीला लागूनच घोडीचा गोठा. घोडीचं नाव मैना. उजाडायच्या आत मामांचा खरारा तिच्या अंगावर फिरायला लागायचा आणि सोबत बोलणं सुरू व्हायचं. स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तिचं सगळं आटपायचं. मी चहाचा कप तोंडाला लावला की भिंतीपलीकडून हाक यायची, "मास्तर, जरा येता काय? हिचा खूर पाहा बरं." मला खुरातलं काहीही कळत नव्हतं, हे मी त्यांना हजारदा सांगितलं होतं. तरी मी जायचो, खूर बघायचो, "ठीक आहे" म्हणायचो आणि परत येऊन गार चहा प्यायचो.

रस्त्यात कोणी बैलाला पराणी टोचताना दिसला की टांगा थांबलाच. मामा उतरून त्या गाडीवानाशी भांडायचे. "तुले टोचू काय? टोचू काय तुले?" भांडण संपेपर्यंत आम्ही टांग्यात घामाघूम. एकदा या भांडणापायी मालेगावच्या कचेरीतलं माझं काम बुडालं. मी चिडून म्हणालो, "मामा, माणसांचीही थोडी फिकीर करा."

"माणसाले तोंड हाय, मास्तर," ते म्हणाले. "तुमी बोलून राह्यले ना आता? ते बोलते काय?"



पहिल्या महायुद्धात, अगदी तरुणपणी, मामा सईस म्हणून पलटणीबरोबर परदेशी गेले होते. सईस म्हणजे घोड्यांचं दाणापाणी करणारा. देश कोणता, ते त्यांना धड सांगता यायचं नाही. "तिकडं, वाळूत" एवढंच. त्यांच्याकडे जो घोडा होता त्याचं नाव त्यांनी तहसीलदार ठेवलं होतं. "काहून?" म्हणून विचारलं की सांगायचे, "कोणाकडं पाह्यतच नव्हता. समोर साहेब असो का सईस, मान वर."

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, एका पंधरा ऑगस्टला मी हेडमास्तरांना सुचवलं, की आपल्या गावात लढाई पाहिलेला माणूस आहे, त्याला मुलांपुढे बोलवू. शौर्याची गोष्ट होईल. हेडमास्तर खूश. तालुक्याहून पाहुणे आले, झेंड्याखाली खुर्च्या मांडल्या. मी मामांना आदल्या दिवशी बजावून सांगितलं, "तुमच्या बहादुरीचं सांगा. थोडक्यात सांगा."

मामा उभे राहिले आणि तहसीलदाराचं खाणं काय होतं इथपासून त्यांनी सुरुवात केली. दाण्याचा तोबरा घोड्याच्या तोंडाला कसा बांधायचा. उंटाचा वास आला की घोडा कसा बिथरतो. पाहुणे घड्याळ बघायला लागले, हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मग मामा एकदाचे लढाईवर आले.

पुढे टेकडीवर शिपाई अडकले होते. पाणी संपलं होतं. पाण्याच्या पखाली घोड्यांवर लादून सईस लोक रोज त्या वाटेनं वर जायचे. त्या दिवशी तोफगोळे पडायला लागले. घोडे उधळले, काही पडले. मामांच्या डोक्याला दगडाची कपची लागली आणि ते वाटेतच आडवे झाले. लगाम हातातून सुटला.

"तहसीलदार मोकळा झाला," मामा म्हणाले. "पळायले कोणाची मनाई होती? समदे पळूनच राह्यले होते. तो थरथरत होता, पोरांनो. कान पाडले होते. भिऊन गेलता. तोंड माह्या अंगाले लावलं, हुंगलं, आन् मंग चालाले लागला. वर. एकटा. रोजची वाट होती ना त्याची. वर शिपायायनं पाणी घेतलं. रिकाम्या पखाली घेऊन तो परत खाली आला, माह्यापाशी. मानेतून रगत गळत होतं. येऊन उभा राह्यला."

मुलं पुढे सरकून ऐकत होती. मलाही वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात पाहुण्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "वा! आणि मग तुम्ही काय केलंत?"

"मी? मी पडून होतो."

मुलं हसली.  पाहुण्यांनी घाईघाईनं मामांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मामांनी तो तिथल्या तिथे काढला, बाहेर जाऊन मैनेच्या गळ्यात घातला आणि राष्ट्रगीत सुरू असताना मैनेनं तो खाऊन टाकला. हेडमास्तर पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढे सरकारी मोटार सुरू झाली. चढावर कोणाला न उतरवता मालेगावला पोचवणारी. टांग्यात बसायला कोणी येईना. मीही मोटारीनंच जायला लागलो, उगाच कशाला खोटं बोलू? मामा थकले होते. बायको कधीच गेलेली, एकुलती एक लेक आसेगावला दिलेली. शेवटी एका सकाळी जावई त्यांना न्यायला आला. तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हता. टांगा विकून झाला होता. मैनेचं काय करायचं हे मामा कोणालाच सांगत नव्हते.

मोटार येऊन थांबली. जावई पत्र्याची पेटी घेऊन चढला, खिडकीजवळची जागा धरून त्यानं उपरणं टाकलं. मामा दारात उभे. मागे दोर धरलेली मैना.

"हिचं टिकीट फाडा," मामा कंडक्टरला म्हणाले.

आधी सगळे हसले. मग मामा हटत नाहीत हे दिसल्यावर ओरडायला लागले. कोणाला दवाखान्यात जायचं होतं, कोणाला कचेरीत. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. जावई खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मामाजी, इज्जत घालवून राह्यले तुमी माही! चढा ना!"

"टपावर जागा हाय," मामा म्हणाले.

"टपावर घोडी ठेवू काय?" कंडक्टर कपाळावर हात मारून म्हणाला.

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी शेजारी ना! मी पुढे झालो. माझाही संयम संपला होता. "मामा, पुरे करा. तो दोर द्या माझ्याकडे. मी आहे ना? तिची चांगली व्यवस्था लावतो. तुम्ही बिनघोर जा."

मामांनी दोर हाताला गुंडाळून घेतला.

"असंच म्हणलं होतं साहेबानं बी," ते म्हणाले. "लढाई सरली तवा. जहाजात घोड्याले जागा नव्हती. मले म्हणे, फिकर मत करो, इसका अच्छा इंतजाम होगा. मले वाटलं, कोण्या शेतकऱ्याले देतील. म्या दोर देला. दुसऱ्या कोणामागं तो जातच नव्हता, मास्तर. माह्या हातानं दोर देला म्हून गेला. मंग टेकाडामागून बंदुकीचे आवाज आले. एकावर एक."

 माझा पुढे केलेला हात तसाच राहिला. कुठे ठेवावा कळेना.

"तुमी चांगले हाय," मामा म्हणाले. "पण दोर नाई देत मी."

ते वळले आणि मैनेला घेऊन मालेगावच्या दिशेनं चालू लागले. आसेगाव तर मालेगावच्याही कितीतरी पुढे!

कंडक्टरनं घंटी वाजवली, मोटार हलली आणि पुन्हा थांबली. जावई खाली उतरला. पेटी डोक्यावर, तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू. "कोण्या जन्माचं पाप हाय बाप्पा माहं! म्हाताऱ्याले एकटं सोडू काय आता?" असं बडबडत तो त्या दोघांच्या मागे धावला. मोटार भोंगा वाजवत पुढे गेली, तिच्या धुळीत ती तिघं दिसेनाशी झाली. मामा मला पुन्हा भेटले नाहीत.

पुढे माझी बदली शिरपूरला झाली. तिथल्या बाजारात एकदा तो जावई भेटला. हरभऱ्याच्या ढिगापुढे बसून एकेक दाणा निवडून बघत होता आणि दुकानदाराशी भांडत होता. त्यानं मला ओळखलं. मामा मागच्या हिवाळ्यात गेले, म्हणाला. त्रास नाही झाला.

"आणि घोडी?"

"हाय ना! जीव खाल्ला तिनं माहा. कामाची ना धामाची. दात गेले, भिजवल्याबिगर दाणा खात नाई." त्यानं हरभरा उपरण्यात बांधला, गाठ ओढून पाहिली.

"मग विकून का नाही टाकली?"

तो माझ्यावर असा काही खेकसला, की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"कोणाच्या हातात देऊ, मास्तर? तुमी सांगा. कोणाच्या हातात देऊ?"