डायलिसिसची वेळ कुणी रद्द केली?

ऑफिसात किस्से आपोआप साठतात. चहाला बसलं की एक निघतो, त्याला दुसरा चिकटतो. पण सुनीताताईंचा विषय आला की हसू अर्ध्यावर थांबतं.

आम्ही एका डायलिसिस सेंटरचं वेळ नोंदवायचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मी बाहेर शिकून संभाजीनगरला परतले, ती अशाच कामासाठी.

*

फुलंब्रीचे काशिनाथकाका सेंटरला आले, तर त्यांची वेळ रद्द! रद्द करणारी म्हणून रेकॉर्डवर नाव काउंटरवरच्या सुनीताताईंचं.

"मी हातसुद्धा नाय लावला!" त्या रडत म्हणाल्या.

"मग काय भुतानं बटण दाबलं?" सेंटरच्या मॅनेजरनी त्यांना घरी बसवलं.

*

भूत आम्हाला सापडलं. ताईंनी 'मोफत शिबिरा'ची एक लिंक कामाच्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवली होती. त्या पानानं गुपचूप आमच्या सर्व्हरला 'वेळ रद्द करा' अशी रिक्वेस्ट पाठवली, आणि ब्राउझरनं तिला ताईंचं लॉगिन इमानदारीनं जोडून दिलं!

*

रिक्वेस्ट आमच्याच पानावरून आली का, ही तपासणी फॉर्मवर होती. पान न हलता मागच्या मागं जाणाऱ्या रिक्वेस्टवर नव्हती.

"पान रिफ्रेशच होत नाही, म्हटलं तिथं कोण शिरतंय!" आमचा अमोल म्हणाला.

मी चिडले. "अरे, एका माणसाचं डायलिसिस चुकलं!"

*

आमचे सीनियर नसीरभाई सिल्लोडचे. म्हणाले, "शाळेतून लेक आणायला परक्याला पाठवलं, तर बाई घरची खूण विचारतात ना? बस, तेच करायचं." म्हणजे फक्त आमच्या पानाला ठाऊक असलेला गुप्त कोड, टोकन; तेव्हापासून त्याला आम्ही 'खूण'च म्हणतो. आमचं पान प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारख्या भागात, खूण घालतं. खूण नसेल तर सर्व्हर परत पाठवतो.

अमोलनं हे इतक्या उत्साहानं केलं की आमच्या पानावर नकाशा दाखवणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरलाही खूण जायला लागली.

"मियाँ," नसीरभाई म्हणाले, "कुलूप लावलं, अन् किल्ली गल्लीत वाटत फिरतोस व्हय!"

*

मॅनेजरसमोर आम्ही तीच लिंक पुन्हा उघडली. सर्व्हरनं रिक्वेस्ट नाकारली. मग त्यांनी स्वतः फोन लावला, "ताई, उद्यापासून या."

*

ताई परत आल्या त्या दिवशी काशिनाथकाकांची पाळी होती. काउंटरशी थांबून म्हणाले, "पोरी, तू नाय केलंस, हे मला ठाऊक होतं. ज्या घटकेला वेळ रद्द झाली म्हणत्यात, तवा मागल्या पाळीहून निघताना तू मला रिक्षापस्तोर सोडाया आली व्हतीस."

"मग काका, तुम्ही बोलला का नाही?"

"मला कुणी इचारलंच नाय!"