बूटीवाले सर

अख्खं चंदिगढ फक्त घोट्याच्या उंचीपर्यंत पाहिलेला माणूस जगात एकच असणार, आणि तो म्हणजे माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा. लोक हे शहर बघायला देशोदेशींहून येतात. सरळसोट रस्ते, गोल चौक, उघड्या काँक्रीटच्या इमारती. वर बघून बघून पाहुण्यांच्या माना अवघडतात. या गृहस्थाची मानही अवघडलेली असायची, पण खाली बघून. माळी ज्याला तण म्हणतात आणि खुरप्याने उपटून ढिगात टाकतात, त्याच्यासमोर हा उकिडवा बसायचा आणि सासुरवाडीचं कुणी भेटल्यासारखा हसायचा. तळ्यावर फिरायला नेलं तर तळ्याकडे पाठ करून फरशीच्या फटीत डोकावायचा. मे महिन्यात बहावा रस्तोरस्ती पिवळाधमक लोंबायला लागला की आम्ही गाड्या थांबवून फोटो काढायचो. तो म्हणायचा, "त्याचं कौतुक करायला तुम्ही हायत की. मी जरा खालच्यांची चौकशी करून येतो."

बायकोच्या मैत्रिणीचा नवरा या नात्याला मराठीत नाव नाही, कारण ते नातं कुणी मागून घेतलेलं नसतं. दोन बायका आत स्वयंपाकघरात माहेरच्या गप्पांत बुडून जातात आणि बाहेर सोफ्यावर दोन अनोळखी पुरुष एकमेकांच्या स्वाधीन केले जातात. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते चंदिगढला लागूनच असलेल्या झिरकपूरला, त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत उपकरणं जुळवणारा इंजिनियर. अशा प्रसंगांसाठी मी दोन विषय कायम तयार ठेवतो: हवामान आणि ट्रॅफिक. त्यातला पहिला काढणार, इतक्यात त्याने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमच्या आईचं बाळंतपण कोणत्या सुईणीनं केलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"नाव?"

"अहो, सुईणच माहीत नाही, तर नाव कुठून माहीत असणार?"

"बघा," तो अगदी समाधानाने म्हणाला. "आजीच्या शालूचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो. पण ज्या बाईनं तुम्हाला जगात ओढून घेतलं, तिचं नाव विचारलं की सगळे छताकडं बघतात." मी खरोखरच छताकडे बघत होतो.

तो लातूरकडचा, मातंग वस्तीतला. त्याची आई गावची सुईण. बाळंतपणं करायची, आणि झाडपाल्याची औषधंही द्यायची; कुणाला ताप, कुणाला मूळव्याध, कुणाच्या पोराला जंत. मोठ्या घरांतली माणसं तिच्या हातचं औषध घ्यायची, पाणी मात्र घ्यायची नाहीत. "आता गंमत अशी," तो सांगायचा, "की ते औषध आमच्याच रांजणातल्या पाण्यात उगाळलेलं असायचं. पण औषधाला विटाळ नसतो म्हणे." हे सांगताना तो मोठ्याने हसायचा. समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही, आणि त्याला आणखी हसू यायचं.

त्याची बायको इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ. दिवसभर ती लोकांची शुद्ध घालवायची आणि संध्याकाळी हा ज्याला त्याला शुद्धीवर आणायला निघायचा. तिची नोकरी इथे लागली म्हणून गावाकडच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी सोडून तो मागोमाग आला आणि पीएच.डी. करायची ठरवून बसला. विषय असा: औषधी वनस्पती, त्या जाणणाऱ्यांची जात, आणि साहित्यात या दोघांना मिळालेली जागा. वनस्पतिशास्त्रवाले म्हणाले, हे तर समाजशास्त्र आहे. समाजशास्त्रवाले म्हणाले, कादंबऱ्यांबद्दल बोलायचं तर साहित्यात जा. साहित्यवाल्यांनी मुळ्या आणि पानांची प्रकरणं पाहून त्याला प्रेमाने पुन्हा वनस्पतिशास्त्राचा रस्ता दाखवला. विद्यापीठाच्या त्या तीन इमारतींमधल्या हिरवळीवर तो इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की तिथे पायवाट पडली, असं त्याची बायको सांगायची. शेवटी समाजशास्त्रातल्या, निवृत्तीला आलेल्या एका सरदारनी मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मैनूं पूरा समझ नहीं आया, पर झूठ नहीं लगदा. करो."

त्याचा सिद्धान्त ऐकण्याजोगा होता. झाडांनाही गावकूस असतं, असं तो म्हणायचा. तुळस अंगणात, पारिजातक खिडकीशी, मोगरा वेणीत. रुई, तरवड, आघाडा, धोतरा ही सगळी शिवेबाहेर. आणि आपलं साहित्य बहुतेक अंगणात बसून लिहिलेलं असल्यामुळे त्यात मोगऱ्याचा दरवळ पानोपानी, पण तरवडाचं फूल शोधायला गेलं तर डोळे फुटायची वेळ. कुठलीही कादंबरी हातात दिली की तो नायक-नायिकेला बाजूला सारून झाडं टिपत सुटायचा. माझ्या बायकोने तिची आवडती प्रेमकथा वाचायला दिली, तर ती परत करताना म्हणाला, "छान हाय. पण त्यांच्या बागेला पाणी कोण घालतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र त्याने कहर केला. हवाई दलातल्या एका ग्रुप कॅप्टनच्या पत्नींनी पूजेच्या पत्री मोठ्या कष्टाने जमवल्या होत्या. फक्त आघाडा मिळेना. हा उठला, पार्किंगच्या भिंतीमागे गेला आणि मूठभर आघाडा घेऊन आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर थांबावं ना! पण त्याने तो आघाडा ताम्हनात ठेवता ठेवता त्यालाच उद्देशून म्हटलं, "ये बाबा आत. वर्षातनं एकदा तुझी पाळी. उद्या पुन्हा भिंतीमागं." आरती सुरू व्हायला त्या दिवशी थोडा वेळ लागला. पण प्रसादाच्या वेळी त्याच बाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आमच्या सुईणीला आम्ही जनाक्का म्हणायचो. आडनाव काही आठवत नाही हो." त्याचा चेहरा असा उजळला की गणपतीपुढची समई मंद वाटावी.

एकदा मी त्याच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. भर चौकात त्याने ब्रेक दाबला, कारण दुभाजकावर त्याला रुई दिसली. हवालदार आला. हा त्याला पंजाबीत रुईला काय म्हणतात ते विचारू लागला. "अक्क," हवालदार म्हणाला, आणि बघता बघता त्याच्या गावची दाई, तिचा अक्कच्या पानांचा शेक, आजोबांचा गुडघा असं सगळं निघालं. मागे गाड्यांची रांग लागली. निरोप घेताना दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मग हवालदाराने खिशातून दंडाच्या पावतीचं यंत्र काढलं आणि अतिशय खेदाने म्हणाला, "चालान तो फिर भी कटेगा, सर जी."

या सगळ्या धडपडीच्या तळाशी काय होतं ते त्याच्या बाल्कनीत कळायचं. दर पावसाळ्यात तो गावाकडून आणलेलं तरवडाचं बी कुंडीत पेरायचा. रोप चांगलं हातभर व्हायचं आणि जानेवारीच्या थंडीत मरायचं. त्याला वाचवायला त्याने काय काय केलं! बायकोची जुनी शाल गुंडाळली, मुलीची कानटोपी घातली. सोसायटीचा रखवालदार, ज्याने जडीबुटीवरून त्याचं नाव 'बूटीवाले सर' पाडलं होतं, खालून वर बघून म्हणायचा, "सर जी, आपका बच्चा ठंड में बाहर बैठा है." रोप मेलं की गावची आठवण आली असं तो कधीच म्हणायचा नाही. "यंदा तरवड गेला," एवढंच म्हणायचा.

मग त्याची आई आली. प्रबंध पूर्ण होत आला होता आणि त्यातल्या औषधांची शेवटची खातरजमा तिच्याकडून करून घ्यायची होती. त्या दुपारी आम्हीही चहाला होतो. म्हातारी सोफ्याच्या कडेला, पदर घट्ट धरून बसलेली. याने स्टीलच्या ताटात पाला मांडला होता: एकदांडी, आघाडा, गुळवेल.

"माय, ह्यो पाला कशावर लावायचीस?"

तिने बोटाने पान उलटवलं. "ध्येनात न्हाई."

"रक्त थांबवायला लावायचीस की!"

"लावत आसंन."

परीक्षेत लाडक्या विद्यार्थ्याला मास्तर सुचवतात तसा तो सुचवत गेला आणि ती काही केल्या पास होईना. शेवटी ती सुनेकडे वळली. "ती गुडघ्याची गोळी दे गं तुझ्या दवाखान्यातली. चांगली हाय." मी हसलो. तो हसला नाही.

"माय, तुला सगळं येतं. का सांगंनास?"

"येतं की," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पोर आडलं की मला आत घ्यायचे. पोर मोकळं झालं की मी बाहेर, आन् माझ्यामागं गोमूत्र. ह्या पाल्यापायी मी लोकाच्या दारात उभी ऱ्हायले. तू शिकलास, मला वाटलं सुटलं एकदाचं. आन् तू ते सगळं पुन्हा माझ्या नावानं लिव्हायलास व्हय?"

"नाव नाही लिहिलं तर तू कुठंच ऱ्हात नाहीस, माय."

"म्या हितं हाय की. च्या पी."

त्याची मुलगी तेव्हा सातवीत असेल. ती हळूच म्हणाली, "पापा, आजी गुस्सा है क्या?" त्याने ताट उचललं, आत नेलं, आणि खरोखरच येऊन चहा प्यायला.

त्यानंतर काही महिने त्याने एक ओळ लिहिली नाही. आम्ही भेटलो की तो सोफ्यावर बसून माझ्याशी हवामानाबद्दल आणि एअरपोर्ट रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलायचा. तेव्हा मला त्याची खरी काळजी वाटायला लागली. चौकातून जाताना समोर बघून गाडी चालवायचा. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं हा कधी माणसासारखा वागेल. आता वागतोय तर बघवत नाही."

पुढे कधीतरी त्याने पुन्हा लिहायला घेतलं. आईकडे लहानपणी पाहिलेल्या सगळ्या औषधकृती त्याने प्रबंधातून काढून टाकल्या आणि तिथे ती दुपार लिहिली, ताटासकट, गोळीसकट. लिहिलेलं आधी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्ये ऱ्हाऊ दे. ह्ये खरं हाय." तोंडी परीक्षा कुणालाही येऊन ऐकता येते, म्हणून आम्ही नवरा-बायको मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेरगावचे परीक्षक पानं उलटत म्हणाले, "बाकी सब ठीक है. लेकिन इस चॅप्टर में दवाई कहाँ है?"

"सर, दवाई मेरी माँ के पास है," तो म्हणाला. "वो देना नहीं चाहती. इतना ही लिख पाया हूँ."

सरदारनी मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "हुण मैनूं पूरा समझ आ गया." मग समोसे आले.

डॉक्टरेट झाली त्याच वर्षी त्यांनी परत जायचं ठरवलं. बायकोला लातूरला चांगली नोकरी मिळाली, आई एकटी होती, आणि त्याला आता तरवडासाठी शाल लागणार नव्हती. निघायच्या आधीचे दिवस तो इतका आनंदात होता की आम्हाला वाईट वाटून घ्यायलाही संकोच व्हायचा. स्टेशनवर त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "आता या तुम्ही तिकडं. माळरान दावतो." तेवढ्यात त्याची मुलगी माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडायला लागली. "आंटी, मेरा सब कुछ यहीं है. वहाँ मैं किससे बात करूँगी?"

त्याने ते ऐकलं. हातातली बॅग त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. इतकी वर्षं जे तो मनात घेऊन या शहरात फिरला होता, ते त्या क्षणी त्याच्या मुलीच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यावर कुठला पाला लावायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडी सुटताना तो खिडकीतून आमच्याकडे बघत नव्हता. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता.

आता झिरकपूरला आमचं जाणं होत नाही. रविवारची संध्याकाळ फार मोठी झाली आहे. प्रयोगशाळेत मराठी माणसं आहेत, चांगली आहेत, पण ती हवामानाबद्दल बोलतात.

परवा जानेवारीतल्या एका सकाळी बायकोचा फोन वाजला. ती आंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. व्हिडिओवर त्याची मुलगी होती. उंच झालेली, पाठीमागे लख्ख ऊन, शाळेची वेणी घातलेली.

"अंकल, वहाँ धुंध पड़ी है?"

"हो गं, धुकं इतकं की समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही."

"दिखाओ ना."

मी बाल्कनीत गेलो आणि फोन बाहेर धरला. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. झाड नाही, रस्ता नाही, सगळं पांढरं. मी म्हणालो, "काही दिसत नाही बघ."

"बस, यही," ती म्हणाली. "थोड़ी देर पकड़ के रखो ना, अंकल."

तिच्या मागे कुणाची तरी पावलं आली आणि थांबली. तोच असणार. बोटं गारठत होती. मी धरून राहिलो.